पाय देण्यासाठी काढलेली रांगोळी

तुमच्या रोजच्या वाटेवरचं एखादं दार उद्या कुणी कायमचं बंद केलं, तर तुम्ही जाब विचारायला जाल, की मुकाट्यानं वळसा घालाल?

माझी मेधाआत्या जाब विचारणाऱ्यांतली होती. गेल्या महिन्यात ॲमस्टरडॅमच्या झुइडास भागातल्या माझ्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत काकांचा फोन आला. “मेधा गेली गं...” एवढंच बोलले. हृदयविकाराचा झटका. मी मिळेल त्या गाडीनं आइंडहोव्हनजवळच्या बेस्ट गावी, तिच्या घरी पोचले, तर आत्याची सायकल दाराशीच उभी. तिच्या बास्केटमध्ये रांगोळीचा प्लॅस्टिकचा डबा होता. आत्या नेदरलँड्समध्ये सायकलवरून रांगोळी घेऊन कुठं जात होती, हे सांगण्यासाठीच मी हे लिहिते आहे.

आत्या पुण्यात आर्किटेक्ट झाली. लग्नानंतर काकांच्या नोकरीमागून इकडे आली आणि इथं कागदोपत्री नुसती ‘सोबत आलेली पत्नी’ उरली. ते तिला झोंबलं. भाषा शिकली, परीक्षा दिल्या, पोरांच्या बरोबरीनं ड्रॉइंग काढत पुन्हा तळापासून सुरुवात केली आणि जुन्या इमारतींच्या नूतनीकरणात स्वतःची जागा मिळवली. मी मात्र तिच्या भावाची, म्हणजे चळवळीत आयुष्य घालवलेल्या माझ्या बाबांची मुलगी. आमच्या घरात सोफा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. त्यांच्यावर बसून मी अभ्यास केला. त्यामुळे आइंडहोव्हनच्या भरवस्तीतल्या कॅसिनो हॉटेलचं काम तिनं घेतल्याचं कळलं, तेव्हा तिच्याच स्वयंपाकघरात मी तिला धारेवर धरलं.

“जुगाराच्या अड्ड्याला रंगरंगोटी करून देणार तू?”

“अगं बाई, तुझं पत्रक संध्याकाळपर्यंत कचऱ्यात जातं,” थालीपीठ उलटत ती म्हणाली. “भिंत राहते. म्हणून मी भिंतीपाशी उभी राहून भांडते. तूप घे.”

कॅसिनोबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. गिऱ्हाइकाला वेळेचं भान राहू नये अशी ज्या धंद्याची इच्छा असते, तो धंदा सरळ नाही. पण आत्यानं मला ती इमारत दाखवली, त्या दिवसापासून मी इमारत आणि धंदा यांत फरक करायला शिकले.

“आधी हेल्मेट घाल, क्रांती नंतर,” असं म्हणून तिनं मला आत नेलं. हे हॉटेल मुळात रेल्वेनं येणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांसाठी बांधलेलं. तळमजल्यावर नाचाचा हॉल. शनिवारी कारखान्यांतले कामगार तिथं येत. आणि इमारतीच्या पोटातून, स्टेशनच्या बाजूनं मागच्या गल्लीपर्यंत, काचेच्या छपराचा एक बोळ. तो सगळ्यांना खुला. पुढे कॅसिनो आला. खिडक्या विटांनी बुजवल्या, बोळाच्या काचांना काळा रंग फासला, फरशीवर गालिचा अंथरला. आत्या शिडीवर चढली आणि पात्यानं एका काचेवरचा रंग खरवडू लागली. हळूहळू प्रकाशाचा एक तुकडा खाली माझ्या बुटांवर पडला. “बघ,” ती वरून ओरडली, “सगळं आहे तसंच आहे! नुसतं झाकलंय.”

नव्या मालकांना हाच बोळ खेळाच्या हॉलमध्ये सामील करून हवा होता. त्यांचा प्रतिनिधी रूड, उंच आणि हसतमुख माणूस, बैठकीत म्हणाला, “मेधा, तिथून कुणी जातच नाही.” मागच्या गल्लीत म्हाताऱ्या माणसांची घरं आहेत. बोळ बंद झाला, तर बसथांब्यापर्यंत त्यांना पावसावाऱ्यात सगळ्या इमारतीला वळसा पडणार होता. आत्या म्हणाली, “किती जण जातात, ते उद्या दाखवते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गालिचा गुंडाळून तिनं बोळाच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ठिपक्यांची मोठी रांगोळी काढली. संध्याकाळी तिच्यावर बुटांचे आणि चाकांचे ठसे उमटले असतील, हा हिशेब. पण काढताना हात आवरेना. कमळं काढली, रंग भरले, कडेला वेलबुट्टी. झालं! येणारा प्रत्येक जण थबकला. लोक भिंतीला पाठ घासत कडेकडेनं गेले, एकानं तर सायकल खांद्यावर घेतली. संध्याकाळी रांगोळी जशीच्या तशी. रूड पोट धरून हसला. “बघ, कुणीच गेलं नाही!”

घरी येऊन आत्याही हसली, पण चिडून. “सुंदर काढली तिथंच चुकलं गं माझं.”

मग दुसऱ्या दिवशी तिनं नुसत्या पांढऱ्या आडव्या-उभ्या रेघा काढल्या. लक्ष्मीची पावलं नाहीत, कमळ नाही, ज्यावर पाय पडला तर तिचाच जीव कळवळेल असं काहीही नाही. शेजारी डच भाषेत पाटी लावली: ‘कृपया यावर पाय द्या.’ तरी लोक बिचकतच होते. मागच्या गल्लीतली ट्रुस नावाची आजी चाकांची ढकलगाडी धरून उभीच राहिली. “छे, असं कसं तुडवायचं?” लहानपणी आम्ही अंगणात धावलो, तर ‘रांगोळी! रांगोळी!’ म्हणून किंचाळणारी माझी आत्या पुढे झाली. तिनं स्वतःचा बूट रांगोळीवर ठेवला, मग ट्रुसचा हात धरला आणि ढकलगाडी सरळ मधून नेली. चाकांच्या दोन रेघा उमटल्या. त्यांच्या मागून सगळे आले.

संध्याकाळी तिथं रांगोळी नव्हती. बूट, सायकली, बाबागाड्या, कुत्र्यांचे पंजे यांचा पांढरा चिखल होता आणि तो दोन्ही दारांच्या बाहेरपर्यंत गेला होता. रूड ते ठसे बघत या दारापासून त्या दारापर्यंत गेला. हसला नाही. “ठीक आहे,” म्हणाला. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर झाडू मागवला असता, हेही मला लिहायला हवं.

हॉटेल आता पुन्हा उघडलं आहे. काचांवरचा काळा रंग गेला, जुनी फरशी वर आली, बुजवलेल्या खिडक्यांतून रस्ता दिसतो. एवढ्या मायेनं दुरुस्त केलेली इमारत मी तरी पाहिलेली नाही. पण बोळ या हिवाळ्यापुरताच खुला ठेवायचं कबूल झालं आहे. वापर दिसला, तर तो कायम राहील. नाही तर वसंतात तिथं भिंत येईल. म्हणून आत्या दर शनिवारी डबा घेऊन जायची आणि रेघा काढून यायची. तब्येत बरी नसतानाही.

तो डबा आता माझ्या सायकलला आहे. माझ्या रेघा वाकड्या येतात. गेल्या शनिवारी ट्रुस म्हणाली, “मेधाच्या सरळ असायच्या,” आणि तरीही त्यांच्यावरून गाडी नेली.

आत्याच्या फोटोला हार घालायला कुणी येऊ नका. आइंडहोव्हनला याल तेव्हा स्टेशनच्या बाजूनं त्या बोळात शिरा. काही विकत घ्यायचं नाही, खेळायचं तर मुळीच नाही. आणि मधोमध रांगोळी दिसली, तर घरच्या सवयीनं कडेला सरकू नका... तिच्यावर पाय द्या.