चाकामागचा दगड

लग्न करून मी इंदूरच्या छत्रीबागेतून घाटातल्या त्या गावात गेले, तेव्हा मध्य प्रदेश नवा नवा होता. गाव कसलं, पंधरा घरं. हे रस्ता खात्यात मुकादम. इंदूरकडे जाणारे ट्रक चढावर तापायचे आणि आमच्या वळणावर थांबायचे. मग आम्ही बायका इंजिनात घालायला पाणी द्यायचो, गाडी मागं सरकू नये म्हणून चाकामागे दगड लावायचो. ट्रकवाले मालातलं काहीबाही हातावर ठेवत. गावाचा नियम एकच होता: जिनं दगड लावला, तिनंच तो उचलून कडेला ठेवायचा.

सासूबाई म्हणायच्या, "इंदूरच्या पोरीला दगड उचलवतोय का? तिला वारा घालायला माणूस ठेवा."

त्या दिवशी त्या इंदूरपलीकडे सांवेरला लेकीकडे जाऊन चारच्या बसनं परतणार होत्या. दुपारी एका ट्रकवाल्यानं मला केळ्यांची फणी दिली. मी अशी खुश, की ट्रक गेल्यावर थेट घरीच आले. चहाचं आधण ठेवलं, नि हात थांबले. मी लावलेला दगड रस्त्यातच राहिला होता.

रस्ता एका गाडीपुरता, एका अंगाला दरी, आणि वळणापलीकडचं काही दिसत नसे. मी अनवाणी धावत सुटले. वर घाटात बसचा हॉर्न वाजला. दगडाशी पोचेपर्यंत दुसरा, जवळून. ट्रकच्या वजनानं दगड असा रुतला होता की हलेचना. शेवटी तो तसाच सोडला, वळण ओलांडलं आणि पदर हलवत रस्त्याच्या मधोमध उभी राहिले.

बस माझ्यापासून चार हातांवर थांबली. ड्रायव्हर उतरला.

"भाभीजी, मरना है तो घर में कुआँ नहीं है क्या?"

मी नुसतं वळणाकडे बोट केलं. तो पाहून आला आणि त्यानं कंडक्टरला हाक मारली. मागून सासूबाई उतरल्या, दगडाशी गेल्या. दगड, माझे रक्ताळलेले पाय, सगळं त्यांनी नीट पाहिलं. वाटलं, आता परतीच्याच बसनं माहेरी पाठवतात.

कंडक्टरनं विचारलं, "किसने छोड़ा ये?"

"असेल कोणी ट्रकवाला, भिया," त्या म्हणाल्या. "तुम्ही पहार आणा."

घरी आल्यावर त्यांना फणी दिसली. एकही केळं चाखलं नाही, सगळी गाईपुढे टाकली. पुढं जितकी वर्षं त्या होत्या, ट्रकला पाणी देऊन मी रिकामी घागर घेऊन दारात आले की आतून आवाज यायचा, "उचललास?"