तेरणेवरची विलायती सैर

आमच्या कचेरीत जेवढे किस्से झाले तेवढी कामं झाली असती, तर निजामी अमलात आमच्या तालुक्याचं सोनं झालं असतं! आता आमच्यातली चार जुनी खोडं कुठं जमली की कुणीतरी म्हणतंच, "ते काहिलीचं सांगा की." आणि मंडळी हसायला आधीच तयार होऊन बसतात. हसा बापहो! मीसुद्धा इतकी वर्षं हसवतच सांगत आलो. आज सगळं सांगतो, लाजेसकट.

मी तेव्हा उमेदवार होतो. म्हणजे काम सगळं कारकुनाचं करायचं आणि कायम होण्याची वाट बघायची. आमचे साहेब हैदराबादहून आलेले, विलायतेत शिकलेले. तिकडं त्यांनी कुठल्याशा मोठ्या नदीत आगबोटीतून दिवसभर सैर केली होती. दोन्ही काठांना किल्ले, द्राक्षाचे मळे, बोटीतच जेवण. त्याचा अल्बम होता. कचेरीत कुणी नवा माणूस आला की आधी अल्बम, मग काम!

एके दिवशी बाईसाहेब हट्टाला पेटल्या, "आम्हाला कधी नेणार?" तिकडं युरोपात लढाई पेटलेली. साहेबांनी तालुक्याचा नकाशा मागवला, तेरणेवर टिचकी मारली आणि म्हणाले, "अपनी नदी क्या बुरी है?"

तेरणा! पौषात जिच्यात म्हशीचं पोट भिजत नाही ती तेरणा! नशीब, तेर गावाजवळ छातीभर पाण्याचा एक डोह तेवढा होता.

* * *

आता बोट कुठनं आणायची? आमचे पेशकार कासीममियाँ म्हणजे कचेरीतलं सगळ्यात शहाणं डोकं. ते म्हणाले, "पूर आला की इथले लोक गुळाच्या काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, बसून नदी पार करतात. काहील मागवू."

ऐन गुऱ्हाळाचे दिवस. एका मळेवाल्याची रसानं भरलेली काहील चुलवाणावरून उतरवली, रिकामी केली आणि बैलगाडीत घालून नेली. माणसांनी राख लावून ती दिवसभर घासली, पण बुडाची काजळी काही हटेना. शेवटी आत गालिचा अंथरला, चार लोड ठेवले आणि कडेला झेंडूच्या माळा बांधल्या.

मळेवाल्याचा दोन दिवसांचा रस आंबून गेला. मी त्याला म्हणालो, "तुम्ही काही बोलला नाही?"

तो म्हणाला, "सरकारी काम हाय, बोलू कुनाला? रसाला सांगितलं हुतं थांब म्हनून, त्यो न्हाय ऐकला!"

* * *

सैरीच्या सकाळी साहेब, बाईसाहेब, त्यांचा छोटा बाबा आणि बेबी असं कुटुंब काहिलीत बसलं. लोटली, आणि काहील गर्रकन फिरली!

कासीममियाँना सगळं सुचलं होतं, एवढंच सुचलं नव्हतं. पुरात पलीकडं जायचं असतं, तोंड कुठंही असलं तरी चालतं. सैरीत बघायचं असतं! साहेब म्हणत होते, "बाएँ हाथ को देखिए, पुराना मंदिर..." तोवर मंदिर उजव्या हाताला गेलेलं. बेबीला मळमळायला लागलं. साहेबांचा चेहरा बघवेना.

मग वेठीची सहा माणसं पाण्यात उतरवली. चहूबाजूंनी काठ धरायचा आणि काहील सरळ ढकलत न्यायची. वर साहेबांचा हुकूम, "विलायतेत बोट ढकलणारे दिसत नाहीत. सिर नीचे!"

म्हणून ती माणसं गुडघे मोडून, हनुवटीपर्यंत पाण्यात बुडून, काठाआड डोकी लपवून चालू लागली. पौषातली सकाळ, पाणी असं की हाताचं बोट घातलं तर कळ मस्तकात जावी.

बाईसाहेब लोडाला टेकल्या आणि म्हणाल्या, "कितनी आराम से चल रही है!"

* * *

त्या सहांत साठीचे बापू भोई होते. त्यांना कुणी वेठीला धरलं नव्हतं. ते आपल्या पायांनी आले होते.

त्यांचा पोरगा दगडू अकरा दिवस कोठडीत होता. गुन्हा काय? दौऱ्यावर आलेल्या अमलदारासाठी शिपायानं कोंबड्या मागितल्या, तेव्हा दगडू म्हणाला, "इकत घ्या की." एवढंच! सैरीच्या दुसऱ्या दिवशी त्याला उस्मानाबादच्या तुरुंगात धाडायचं ठरलं होतं. एकदा तिकडं गेला की बापूंना तो जिवंत दिसायची खात्री नव्हती.

कासीममियाँनी बापूंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "साहेब खूश झाले की 'माँगो' म्हणतात. तेवढी घडी सोडू नका. पोरगा मागा. दुसरं काही नाही."

बापूंनी मला विचारलं, "तुमी कचेरीतलं मानूस. म्या चुकलो तर तुमी सांगताल न्हवं?"

मी म्हणालो, "अहो, मी बाजूलाच हाय की! कशाला घाबरता?"

* * *

विलायतेत म्हणे बोट दिसली की काठावरचे लोक हातरुमाल हलवतात. साहेबांना तेही पाहिजे होतं. गावात हातरुमाल कुणाकडं असणार? पटवाऱ्यानं शक्कल काढली, "डोक्याचे पटके काढा आन् हलवा!"

आता आमच्याकडं माणूस चारचौघांत उघड्या डोक्यानं कधी उभा राहतो? मयताला! नदीकाठी पन्नास बाप्ये बोडक्यानं उभे बघून धुण्याला आलेल्या एका म्हातारीनं टोपलंच टाकलं आणि हंबरडा फोडला, "कोन गेलं गं माय!" तिचं ऐकून दुसरी, दुसरीचं ऐकून तिसरी. काठभर रडारड!

साहेबांनी कान टवकारले आणि पोरांना म्हणाले, "सुनो, गाँव के लोग हमारे लिए गा रहे हैं!"

* * *

दुपारी जेवणही काहिलीतच. साहेबांनी डोहाच्या मध्यावर थांबायला सांगितलं. वर बिर्याणी चालली होती आणि खाली सहा माणसं काठ धरून उभी होती, तीही वाकून. पाण्याबाहेर आली असती तर बोट फिरली असती ना!

बेबीनं खाली वाकून बघितलं. तिला पाण्यात एक डोकं दिसलं. तिनं रोटीचा तुकडा मोडून तिकडं टाकला, पुन्हा एक टाकला, आणि टाळ्या पिटल्या. सगळं कुटुंब खदखदून हसलं. काठावर आम्ही कचेरीवालेही हसलो. हसणं नोकरीतच होतं.

कासीममियाँ तेवढे हसले नाहीत. तोंड फिरवून मला म्हणाले, "लानत है ऐसी नौकरी पे!" आणि काहील आमच्या दिशेला वळताच त्यांनी कमरेत वाकून सलाम केला.

* * *

उन्हं कलली तेव्हा काहील काठाला लागली. साहेब इतके खूश मी कधी बघितले नव्हते. "बिलकुल वैसाच!" म्हणत त्यांनी काहिलीसमोर कुटुंबाला उभं करून फोटो काढला. कासीममियाँ वर मोटारीत सामान चढवत होते.

पाच जण बाहेर येऊन उन्हात आडवे झाले. बापू सगळ्यात शेवटी निघाले. अंग काळंनिळं पडलेलं, बोटं काठ धरल्यासारखी वाकडी ती वाकडीच राहिलेली. ते आडवे झाले नाहीत. सरळ साहेबांपुढं जाऊन हात जोडून उभे राहिले.

साहेब म्हणाले, "शाबास! माँगो, क्या माँगते हो?"

बापूंनी तोंड उघडलं. उघडलं म्हणजे उघडायला बघितलं. दात एकावर एक असे वाजत होते की मला ऐकू येत होते, आणि मग जबडा गच्च बसला तो हलेना. घशातून नुसती घरघर. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. साहेब थांबले. चांगले थांबले, मुद्दाम वाट बघितली, तेवढा मोठेपणा त्यांच्यात होता.

बापूंनी माझ्याकडं बघितलं.

माझा कायम होण्याचा कागद त्या आठवड्यात साहेबांच्या सहीला होता. मी साहेबांच्या बुटांकडं बघत राहिलो. एक बूट चिखलानं भरला होता.

साहेबांनी बापूंच्या ओल्या खांद्यावर थोपटलं आणि कौतुकानं बाईसाहेबांकडं वळून म्हणाले, "देखा? विलायत के मल्लाह इनाम के लिए जान खा जाते हैं. और ये हमारे लोग देखो! कुछ नहीं माँगते!"