पुढच्या चाकातली गुरगुर

नवरा गेल्यावर दिरानं मागं राहिलेली व्हॅन विकून टाकायचा सल्ला दिला, तेव्हा रत्नमालानं गाडी विकायच्या ऐवजी लायसन काढलं. तेव्हापासून फुलंब्रीच्या बाया ती रोज शहरात पोचवत होती. कुणी दवाखान्यात झाडलोट करायची, कुणी मेसमध्ये पोळ्या लाटायची. गाडीची नस न् नस तिला ठाऊक. त्यामुळं पुढच्या चाकातून घूंऽऽ अशी गुरगुर यायला लागली, तसं तिचं डोकं उठलं.

दुसऱ्या कुणाला ती ऐकूच येईना. गाडीतली भामाबाई म्हणाली, रस्ताच तसा आहे. सुलेखाला वाटलं, हवा कमी असंल. हवा भरली, टायरही बदलले. गुरगुर होतीच.

हर्सूलला शकूरभाईंचं गॅरेज होतं. त्यांनी गाडी सरळ रस्त्यावर हळू फिरवून आणली आणि आवाजबिवाज काही नाही म्हणून सांगितलं. रत्नमाला हट्टाला पेटली. आवाज माझ्या पायाखालून येतोय, म्हणजे उजवंच चाक, बेअरिंग बदला. वाद घालून दमलेल्या शकूरभाईंनी बदलून टाकलं. दुसऱ्या दिवशी गुरगुर जशीच्या तशी.

मग मात्र ती बायांनी भरलेली गाडी घेऊनच गॅरेजात शिरली. कामाला उशीर होतोय म्हणून मागं कुरकुर सुरू झाली, ती तिनं दटावून बंद केली. शकूरभाईंना शेजारी बसवलं आणि तलावाकडच्या वळणांवर गाडी जोरात घातली. उजवीकडं वळताना गुरगुर वाढली, डावीकडं वळताच बसली. शकूरभाईंनी पुन्हा एक चक्कर मारायला लावली.

"ताई, गाडी उजवीकडं वळली की वजन कुठल्या चाकावर येतं?"

"डाव्या," ती म्हणाली, आणि तिची तिलाच चीड आली.

"फिर मेरेकू उजवं कायकू बदलवायला लावलं?"

"मिस्त्री तुमी का मी?"

गाडी गॅरेजात परतली. बाया रिक्षा करून शिव्या घालत निघून गेल्या.

शकूरभाईंनी डावं चाक जॅकवर उचललं, हातानं फिरवलं आणि तिला वरच्या स्प्रिंगवर तळवा टेकवायला सांगितलं. जात्यात खडे भरडावेत तशी खरखर हाताला लागली. चाक वर-खाली धरून हलवलं, तर तेही डुगडुगलं. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा खालचा बॉल जॉइंट पार झिजला होता. त्याचा तर एवढ्या दिवसांत चकार शब्द ऐकू आला नव्हता. मघाच्या वळणांवर तो निखळला असता तर, हा विचार येताच ती तिथलं स्टूल ओढून बसली. शकूरभाईंनी चहा मागवला.

डावं बेअरिंग आणि जॉइंट दोन्ही नवे बसले, पण संध्याकाळी बाया फुगूनच गाडीत बसल्या. वळणावर रत्नमालानं वेग वाढवून कान दिला. नुसता वारा. कुणाला तरी सांगावं म्हणून तिनं आरशात पाहिलं.

"हळू चालव की जरा," भामाबाई म्हणाली.