बर्फ्या आणि चारचा भोंगा

अख्खी नोकरी मी तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत काढली, पण जबलपूरला रांझीच्या बाजारात जुना दोस्त भेटला की माझी चौकशी कोणी करत नाही. "अरे सुधाकर, तुझा तो कुत्रा..." इथूनच गाडी सुरू होते! किस्से असेच साठतात. आपण सांगून मोकळे होतो, ऐकणारा त्यात चिमूटभर मीठ टाकून पुढे सांगतो, आणि काही वर्षांनी आपलाच किस्सा आपल्याला नवा वाटायला लागतो. म्हणून म्हटलं, एकदा बसून मीच सांगून टाकावेत. हसायचे आधी येतील. नंतरच्यांचं माझ्या हातात काही नाही.

*

कारगिलची लढाई पेटली तो मे महिना. छावणीतल्या एका मेजरसाहेबांना अचानक सरहद्दीवर जावं लागलं आणि त्यांच्या मॅडम माहेरी निघाल्या. मी त्यांचा कूलर दुरुस्त करायला जायचो, तेवढीच ओळख. दारात सामान बांधलेलं, आणि सामानावर एक पिल्लू बसलेलं. पांढरं, पाठीवर राखाडी, डोळे निळेशार. साहेबांनी हौसेनं दिल्लीहून हस्की आणलेलं. मॅडमला ते गाडीतून नेता येईना.

माझ्या मनूला, आठ वर्षांच्या पोरीला, कुत्रा पाहिजे होता. किती दिवस मागे लागली होती. मी पिल्लू उचललं.

मॅडम रडतच म्हणाल्या, "भैया, इसको बस ठंडे में रखना।"

जबलपूरचा मे महिना! रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. मी म्हटलं, "मॅडम, ठंडा मिल जाए तो पहले हमको बताना।"

*

मनूनं नाव ठेवलं बर्फ्या. आमच्या क्वार्टर्सच्या ओळीत त्याला बघायला रांग लागली. एक म्हणाला आंधळं आहे, एक म्हणाला मोतीबिंदू आहे. जनावरांच्या दवाखान्यात नेलं तर तिथला कंपाउंडर आयुष्यभर म्हशीच बघत आलेला. त्यानं लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, "ये भेड़िया है। जंगल वालों को दे दो।"

घरी एकच कूलर. लढाईमुळे आमच्या रविवारच्या सुट्ट्या बंद, रोज बारा-बारा तास ड्यूटी. घामानं भिजून घरी यावं आणि कूलरसमोर पडावं, एवढीच इच्छा असायची. आलो की माझ्या जागेवर बर्फ्या! पोट वर, चारी पाय पसरलेले, आणि मनू वर ओलं बारदान पिळतेय. त्याचे केस हवेबरोबर माझ्या वरणात.

मी ओरडलो, "घर कोणाचं आहे हे?"

बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, "त्याच्या अंगात कोट आहे बिचाऱ्याच्या. तुमचं बनियन तं निघते ना?"

त्या उन्हाळ्यात मी माठापाशी जमिनीवर झोपलो.

*

मनूचं शिकवणं मी नीट बघितलं ते पावसाळ्याच्या तोंडावर. गेटवर आमची रोज झडती होते. काडेपेटी, बिडी आत न्यायची नाही, म्हणून प्रत्येकानं हात वर करून उभं राहायचं, शिपाई खिसे चाचपतो. आमच्या दुबे शिपायाचा हात थंडगार आणि तोंड तिखट. मनू मला डबा द्यायला यायची तेव्हा हे बघत असणार.

एक दिवस डबा घेऊन आली, सोबत बर्फ्या. मनू म्हणाली, "झडती!" आणि पठ्ठ्या मागच्या पायांवर उभा! पुढचे दोन्ही पंजे वर. दुबेनं खाकरून आजूबाजूला पाहिलं, खाली वाकला आणि खरंच दोन्ही बाजूंनी चाचपलं.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सुधाकर, इसका पास बनवा दो। तुमसे तो सीधा खड़ा होता है।"

*

आता नंतरचे.

हस्की भुंकत नाही. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा माझी रात्रपाळी, म्हणून दिवसा घरी असायचो. एका दुपारी फॅक्टरीचा चारचा भोंगा झाला. रांझीचा भोंगा म्हणजे कोसावर ऐकू जातो. तो संपला आणि आमच्या अंगणातून दुसरा सुरू झाला. बर्फ्यानं तोंड आभाळाकडे केलं होतं, डोळे मिटलेले, आणि असा लांब, चढत जाणारा गळा काढला की ओळीतल्या बायका हातातलं काम टाकून बाहेर आल्या.

मनू टाळ्या पिटत होती. तिला वाटलं कुत्रा गायला शिकला.

शेजारच्या वानखेडे काकू कुंपणाशी आल्या. काका जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा बंडू तोफखान्यात, तेव्हा वर द्रासकडे कुठेतरी. काकूंचा चेहरा पांढरा पडला होता.

"सुधाकर, कुत्रं रडून राहिलं."

"रडत नाही काकू. त्याची जातच तशी. भुंकायच्या ऐवजी असं..."

"जात तुझ्यापाशी ठेव," त्या म्हणाल्या. "दारात कुत्रं रडते म्हणजे काय होते हे मले शिकवू नको. माझा पोरगा तिथी हाये."

दुसऱ्या दिवशी परत भोंगा, परत बर्फ्या. संध्याकाळी ओळीतली चार वडीलधारी माणसं माझ्या ओट्यावर येऊन बसली. चहा प्याले, पावसाचं बोलले, आणि उठता उठता एक जण म्हणाले, "कुत्र्याचं तोंड बंद कर, नाहीतर कुत्रं दुसरीकडे दे. लढाई संपेपर्यंत तरी."

मनू दाराआडून ऐकत होती. आत गेलो तर बर्फ्याच्या गळ्यात दोन्ही हात घालून बसलेली. मला म्हणाली, "बाबा, मी शिकवते त्याले. देऊ नका ना कोणाले."

*

कुत्र्याला बस म्हणून शिकवता येतं, उठ म्हणून शिकवता येतं. रडू नको हे कसं शिकवायचं? मला आजही कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. मनूनं शिकवलं.

भोंग्याच्या आधी ती त्याच्यासमोर मांडी घालून बसायची. उजवी मूठ त्याच्या नाकासमोर मिटायची. मूठ मिटली की तोंड मिटायचं. भोंगा संपेपर्यंत गप्प राहिला तर मुठीतला पोळीचा तुकडा त्याचा. आणि अधूनमधून सकाळी मी तिला सायकलवर बसवून टेकड्यांपलीकडे न्यायचो, बर्फ्या मागे पळत. तिथे ती मूठ उघडायची. मग हा मनसोक्त रडायचा. मी बिडी ओढायचो. दगडांशिवाय ऐकायला कोणी नाही.

घरात तिला मुठीची इतकी सवय झाली की मी जेवताना खोकलो तरी ती माझ्याकडे बघून मूठ मिटायची. आणि मी खोकला गिळायचो!

पण खरं सांगतो, ते बघवत नसे. भोंगा सुरू झाला की बर्फ्याचं सगळं अंग थरथरायचं. गळा वरखाली व्हायचा, मान आपोआप आभाळाकडे जायला लागायची, आणि तो मनूच्या मुठीकडे बघून ती परत खाली आणायचा. आवाज नाही. नुसता नाकातून श्वास. मला त्या कुत्र्याची दया यायची आणि पोरीचीही, कारण त्या वेळी तिचं अंगही तसंच थरथरत असायचं.

आठवडा तसाच गेला तेव्हा काकूंनी कुंपणावरून वाटीभर दहीभात पाठवला. म्हणाल्या, "त्याले दे. शहाणा झाला."

*

फॅक्टरीत तेव्हा पेट्यांवर पेट्या निघत होत्या. गोळे भरायचे, पेटी ठोकायची, ट्रकवर चढवायची. आमच्या सेक्शनमधल्या यादवचं बंडूशी लहानपणापासून फार जमायचं. त्यानं एका पेटीवर खडूनं लिहिलं, "बंडू वानखेडे को मिले।"

तपासणीचे साहेब आले. चष्मा वर करून वाचलं. "ये क्या है? फॅक्टरी है कि डाकखाना?" स्वतःच्या रुमालानं पुसून टाकलं. सगळा सेक्शन खाली माना घालून उभा.

दुसऱ्या दिवशी तेच साहेब यादवच्या टेबलापाशी थांबले. इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "वो वानखेडे का कुछ पता चला?"

"नहीं साहब।"

साहेबांनी खिशातून खडू काढून टेबलावर ठेवला आणि निघून गेले. त्यानंतर किती पेट्यांवर बंडूचं नाव गेलं, देवाला ठाऊक. मीही एकीवर लिहिलं होतं.

*

लढाई संपली. बंडू परत आला तो ऑक्टोबरात, थेट मिलिटरीच्या हॉस्पिटलातून. हातपाय शाबूत, अंगावर ओरखडा नाही. काकूंनी अख्ख्या ओळीत पेढे वाटले. पहिला पेढा बर्फ्याला! मनूच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "तुया कुत्र्यानं लाज राखली माई."

दोन-तीन दिवसांत आमच्या लक्षात आलं. बंडू फार मोठ्यानं बोलायचा. कोणी हाक मारली की हसायचा आणि मान हलवायचा, पण तोंड समोर असेल तरच. यादवनं मागून जाऊन त्याच्या जुन्या नावानं हाक मारली, तो तसाच चालत राहिला. मग यादवच सांगायला आला. बंडूच्या कागदावर डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं. तोफेजवळ दिवसरात्र उभं राहून दोन्ही कान गेले होते.

काकू मानायला तयार नव्हत्या. "झोप नाही झाली पोराची. थकला हाये." त्याच्या पाठीमागे ताट पाडून बघायच्या. कुकरची शिटी झाली की स्वयंपाकघर सोडून त्याचं तोंड बघायला धावायच्या.

बायको न राहवून म्हणाली, "काकू, चारचा भोंगा होते तरी तो मान वर नाही करत हो."

"भोंगा?" काकू चिडल्या. "भोंग्याच्या खाली जन्मला तो. तुले तरी ऐकू येते का भोंगा? रांझीत कोणाचं ध्यान असते त्याच्याकडे?"

खरंच होतं ते. बर्फ्या यायच्या आधी आम्हालाही तो कधी ऐकू येत नसे.

मग एका दुपारी काकू आमच्या अंगणात आल्या. माझी त्या दिवशी सुट्टी होती म्हणून मी घरी. माझ्याकडे बघितलंच नाही त्यांनी. मनूला म्हणाल्या, "माई, आण त्याले. रडव."

मनूला कळेना. "काकू, तो आता नाही रडत."

"मले मालूम हाये. रडव. भोंग्याकडे ध्यान जात नसते, पण कुत्रं रडलं तं माणूस दचकतेच."

बंडू त्यांच्या ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसला होता. मांडीवर टोपलं, भुईमुगाच्या ओल्या शेंगा फोडत होता. मनूनं बर्फ्याला कुंपणातून पलीकडे नेलं, त्याच्या अगदी मागे. आता तो पिल्लू राहिला नव्हता, चांगला मनूच्या कमरेएवढा झालेला.

चारचा भोंगा झाला. बर्फ्या थरथरायला लागला. मनूनं त्याच्यासमोर मूठ धरली आणि उघडली.

तो नुसता बघत राहिला. उघड्या हाताकडे, मग मनूकडे, मग परत हाताकडे. ओळीत भोंग्याच्या वेळी त्यानं कधी उघडी मूठ पाहिली नव्हती. मनू म्हणाली, "रड ना रे." तेव्हा कुठे त्यानं मान वर केली.

कित्येक महिन्यांच्या भोंग्यांचं साठलेलं होतं ते. घराघरांतून लोक बाहेर आले. दुबे ड्यूटीवर निघाला होता, तो सायकलवरून उतरला. लांबच्या ओळींतली कुत्री साथ द्यायला लागली. मनूनं दोन्ही हातांनी कान झाकले होते.

बंडू शेंगा फोडत होता.

काकू म्हणाल्या, "अजून."

बर्फ्या परत रडला. श्वास संपेपर्यंत. बंडूनं एक शेंग किडकी निघाली म्हणून अंगणात टाकली.

"अजून एकदा, माई."

बर्फ्या थकला होता. तो गप्प झाला, वळसा घालून बंडूच्या समोर गेला आणि त्याच्या गुडघ्यावर तोंड ठेवून बसला. बंडू खूश झाला. दोन दाणे त्याला चारले, मानेखाली खाजवलं. मग मागे वळला. अख्खी ओळ तिथे उभी बघून त्याला जरा नवल वाटलं असावं, पण हसला.

आणि त्या मोठ्या आवाजात म्हणाला, "आई, किती गुणाचा हाये वो हा! हा कधी आवाजच नाही करत काय?"

काकू पुढे झाल्या. त्याला नीट दिसेल अशा समोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांनी मान हलवली. नाही म्हणून.