तेरावी किल्ली
व्हेनेझुएलातल्या काबिमास गावच्या त्या गल्लीत घरं चौदा आणि माणसं राहिली होती दोनच घरांत. एका घरात एग्ला फुएनमायोर, समोर नेरिओ, तेल कंपनीतला निवृत्त वेल्डर. बाकीच्या बारा घरांच्या किल्ल्या एग्लाच्या स्वयंपाकघरात खिळ्यांना टांगलेल्या होत्या. पहिली ग्लेनिसनं दिली, "दोन महिन्यांत येते" म्हणून. त्याला सहा वर्षं झाली. मग कुणी चिलीला गेलं, कुणी कोलंबियाला, आणि प्रत्येकानं किल्ली देताना तेच वाक्य म्हटलं. या लोकांना नवं खोटंसुद्धा सुचू नये, याचं एग्लाला हसू यायचं.

घर रिकामं आहे असा सुगावा लागला की चार दिवसांत खिडक्या, वायरी, संडासाचं भांडंसुद्धा जातं. म्हणून एग्ला दिवसाआड सकाळी एकेक करून सगळी घरं उघडायची, कपाटात राहिलेले कपडे काढायची आणि त्या त्या घराच्या अंगणातल्या दोरीवर वाळत घालायची. कधी ग्लेनिसची निळी पँट, कधी तिच्या नवऱ्याचे सदरे. चाळीस वर्षं तिनं गावातल्या पोरांचे गणवेश शिवले होते, तेव्हा निम्म्या कपड्यांवर टाके तिचेच. चोर दोरी बघून पुढं जायचे. बाईचं डोकं फिरलंय, असं लोक म्हणायचे. म्हणायला त्यांचं काय जात होतं?

तिच्या पायाची जखम मात्र भरत नव्हती. इन्सुलिन मिळालं तरी ते ठेवायचं कुठं? वीज दिवसातले दहा तास गायब, फ्रिजचं नुसतं कपाट झालेलं. चिलीतल्या सांतियागोहून तिची मुलगी मायरेलिस रोज फोन करायची.

"आई, पाय कापायची वेळ आल्यावर येणारेस का?"

"अगं, या घरांकडे कोण बघणार?"

"त्या घरांत कुणी नाहीये."

"म्हणून तर बघावं लागतं."

"आणि माझ्याकडे?" मायरेलिस एवढंच म्हणाली. त्या प्रश्नापुढं एग्ला हरली. गुरुवारी सकाळी सरहद्दीकडे जाणाऱ्या गाडीत तिची जागा ठरली.

नातीला तिनं अजून पाहिलं नव्हतं. माप ठाऊक नाही, म्हणून तिनं एकाच कापडाचे तीन मापांचे फ्रॉक शिवून बॅगेत ठेवले. प्रत्येक किल्लीला घरमालकाच्या नावाची चिंधी शिवली आणि सगळ्यांचं गाठोडं बांधलं. ते नेरिओला द्यायचं. "मला इथून चौघांच्या खांद्यावरच न्यावं लागेल," असं तो नेहमी म्हणायचा. त्याला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. बुधवारी दुपारी, कॉफी झाल्यावर, गाठोडं हातात द्यायचं आणि तिथून निघून यायचं, असं तिनं ठरवलं होतं.

बुधवारी दुपारी तोच आला. सदऱ्याला इस्त्री केलेली होती.

"शेजारीणबाई, पोरगा न्यायला आलाय. आत्ताच निघतोय."

"आत्ता?"

"आधी सांगितलं असतं तर माझाच पाय निघाला नसता."

त्यानं किल्ली पुढं केली आणि दाराआडच्या बॅगेवर त्याची नजर अडकली. मग टेबलावरच्या गाठोड्यावर. सगळं त्याला कळलं. तरी त्यानं किल्ली गाठोड्याशेजारी ठेवली.

"आंब्याला पाणी घालत जा," तो खाली बघत म्हणाला. "दोन महिन्यांत येतो."

ती किल्ली त्याच्या पाठीवर फेकून मारावी, असं एग्लाला वाटलं. पण तासाभरानं ती तरी दुसरं काय करणार होती? तिला संतापही धड करता येईना, आणि ती खुर्चीत बसून रडली.

गुरुवारी सकाळी तिनं नेरिओचं घर उघडलं. कपाटात मोजासुद्धा नव्हता. परत येणारा माणूस दोन-चार कपडे तरी ठेवून जातो. दोरी अशी मोकळी राहिली तर रविवारपर्यंत त्या घराच्या नुसत्या भिंती उरल्या असत्या, आणि मग बाकीची बारा. ती लंगडत घरी गेली आणि बॅग घेऊन परत आली.

कोपऱ्यावर गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा दोन फ्रॉक नेरिओच्या दोरीवर चढले होते. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी बराच वेळ. खिशातला फोनही थरथरत होता, मायरेलिसच असणार. एग्लानं तिसरा, सगळ्यांत लहान फ्रॉक झटकला, खांद्यांशी दोन चिमटे लावले आणि गाडी जाईपर्यंत त्याचा घेर हातात धरून उभी राहिली.