जाधव सरांची कातळावरची सही

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या जाधव सरांनी आयुष्यातली पहिली डिजिटल सही करण्याआधी त्या यंत्रावर तोंडाने वाफ मारली होती. रबरी शिक्का उमटवताना ‘हाः’ करायची त्यांची जुनी सवय. सहीचं टोकन म्हणजे पेनड्राइव्हसारखी बोटभर वस्तू. लॅपटॉपला लावण्याआधी सरांनी ते तोंडाजवळ नेलं, डोळे मिटले आणि ‘हाः!’ रत्नागिरीतल्या माझ्या नकाशांच्या दुकानात मी हसता हसता खुर्चीवरून घसरलो.

“हस, हस,” सर म्हणाले. “पण उमटली ना?”

जाधव सर परवानाधारक मोजणीदार. जमीन ते मोजायचे, नकाशा मी संगणकावर काढायचो. सडसडीत अंग, डोक्यावर कापडी टोपी, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. त्यांचा एक नियम होता: शिक्का आणि सही जागेवरच, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांसमोर. सही संगणकात गेली तरी त्यांनी नियम सोडला नाही. मी म्हणायचो, “सर, घरी पेज पीत बसा. टोकन माझ्याकडे ठेवा, मीच सही करत जातो.”

“माझी कवळी पण ठेव तुझ्याकडं. जेव माझ्या वतीनं!”

आणि मग म्हणाले, “सही बघायला माणसं लागतात रे. नायतर ती नुसती फाईल.”

आता सर नाहीत. मुंबईला मुलाकडे गेले आणि तिथेच वारले. हल्ली मोजणीदारांच्या सह्या ईमेलने येतात. चोख, कायदेशीर, क्षणात. मी फाईल उघडतो आणि उगाच दुकानाच्या दाराकडे बघतो.

त्यांची शेवटची सही झाली लांज्याकडच्या एका गावात. सुनंदावहिनी नवऱ्यामागे पत्र्याच्या खोपीत दिवस काढत होत्या. त्यांना घर बांधायचं होतं, आणि परवानगीच्या ऑनलाइन अर्जाला सरांच्या सहीचा नकाशा हवा होता. शेजारचा तुकडा धाकट्या दिराचा, बबनचा. वाटणी झाल्यापासून वहिनींशी त्याचा अबोला. “घर कसं बांधतात तेच बघतो,” असं तो गावभर सांगत फिरायचा. हद्दीत कुठे खोट नव्हती. पण त्याने हरकत घेतली असती तर वहिनींचं घर कागदावरच राहिलं असतं.

सरांना तेव्हा चार पावलं टाकली तरी धाप लागायची. मुलगा त्यांना मुंबईला न्यायलाच आला होता. “अण्णा, इथूनच करा ना सही,” तो काकुळतीला येऊन म्हणाला. तोवर सर टोपी घालून माझ्या गाडीत बसलेसुद्धा!

जागेवर पोचलो तर मोबाईलला रेंज नाही, आणि इंटरनेटशिवाय नकाशा अर्जाला जोडता येईना. रेंज वरच्या कातळावर. मग निघाली आमची वरात! पुढे सर, त्यांचा हात बबनच्या खांद्यावर. सरांना नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. मागे लॅपटॉप पोटाशी धरून मी, आणि शेवटी छत्री घेऊन वहिनी. दर वळणावर सर थांबत, बबनही थांबे. वर जांभ्या दगडाच्या एका चिऱ्यावर लॅपटॉप मांडला. पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून वहिनींनी छत्री उघडून धरली.

सरांनी टोकन लावलं. लॅपटॉपने पिन मागितला. सर धापा टाकत, पण करड्या आवाजात म्हणाले, “पिन गुप्त असतो. पाठ फिरवा सगळ्यांनी!”

फिरवली. वहिनींनी छत्री तशीच मागे धरलेली. खाली दोघांच्या जमिनी, मधला हद्दीचा चिऱ्यांचा गडगा, आणि वहिनींच्या घरासाठी मारलेल्या पांढऱ्या फक्कीच्या रेघा. एरवी एकमेकांची सावली टाळणारे दीर-भावजय शाळेच्या कवायतीसारखे शेजारी शेजारी उभे. मागे सर एकेक आकडा दाबत होते, आणि दाबताना इतक्या मोठ्याने पुटपुटत होते की तो गुप्त पिन आम्हा तिघांनाही कळला. मी ओठ चावून उभा होतो.

बबन मात्र हसत नव्हता. तो त्या पांढऱ्या रेघांकडे टक लावून बघत होता. कपाळाला आठ्या चढल्या, मान वाकडी झाली, आणि वाटणीनंतर पहिल्यांदाच वहिनींसाठी त्याच्या तोंडून शब्द निसटले:

“ओ वैनी, घर वाईच मागं घ्या! माझ्याकडचा पानी पावसात सरळ तुमच्या पडवीत शिरंल!”