पांढऱ्या झाकणाची बरणी

गेली पाच वर्षं मी एक गोष्ट सांगत आलो आहे. लग्नाच्या जेवणात सांगितली, सोसायटीच्या बाकावर सांगितली, मुलाकडे तोयोसुला गेलो की त्याच्या मित्रमंडळींत सांगितली. जपानमध्ये मी एका कोरियन बाईंच्या घरी राहत होतो आणि जन्मभर शाकाहारी असलेल्या मला त्यांनी फसवून मासे खायला घातले, ही ती गोष्ट. लोक हळहळतात. मग दुसरं कोणीतरी आपला परदेशातला अनुभव सांगतं आणि विषय पुढे सरकतो.

त्यातलं मी त्या घरी राहिलो एवढंच खरं आहे. मासे कोणी खायला घातले नाहीत. ते मी रचलं, आणि का रचलं ते आज लिहून टाकतो.

सुनेचं बाळंतपण होतं. मी पुण्याहून ऑक्टोबरात गेलो आणि आठवड्याने विहीणबाई वेंगुर्ल्याहून आल्या. मुलाचा फ्लॅट विसाव्या मजल्यावर, खिडकीतून खाडी दिसते, पण खोल्या दोनच. एका खोलीत बाळ-बाळंतीण आणि विहीणबाई, दुसरीत मुलगा आणि त्याचं ऑफिस. मी हॉलमध्ये गादी घालायचो आणि सकाळी सहाला ती गुंडाळून कुठे ठेवायची हे शोधत फिरायचो. मुलगा म्हणाला, "बाबा, ओजिमा स्टेशनच्या पुढे एक घर आहे. आई आणि मुलगी दोघीच असतात, वरची खोली पाहुण्यांना देतात. तुम्हाला शांतता मिळेल. रविवारी इकडे या."

मला शांतता नको होती. पण तसं म्हणालो नाही. "जशी तुमची सोय," म्हणालो. हे वाक्य ज्या सुरात म्हणायचं त्याच सुरात म्हणालो, पण त्याला तो सूर ऐकू आला नाही.

बाई तेव्हा पंचाहत्तरीच्या होत्या. जन्म जपानमधलाच. त्यांचे आईवडील कोरियातून आलेले. त्या गल्लीत पन्नास वर्षं राहत होत्या आणि गल्लीतलं ते एकमेव कोरियन घर. मुलगी पन्नाशीची, एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. तिला इंग्रजी चांगलं यायचं, त्यामुळे आमचं सगळं बोलणं तिच्या तोंडून व्हायचं.

पहिल्या जेवणाला मुलगी म्हणाली, "आई विचारते आहे, तुमचं वय किती?"

"एकोणसत्तर."

दोघींचं आपसांत बोलणं झालं. "मग आई मोठी. तिने चमचा उचलल्यावर तुम्ही सुरू करा."

पोरांना शिकवतात तसं. मुलाकडे शिकलो होतो की भाताचा वाडगा हातात उचलून खायचा, म्हणून उचलला. बाईंनी माझ्या मनगटाला बोट लावून तो खाली ठेवायला लावला. तो जपानी रिवाज, मुलगी म्हणाली, आमच्यात वाडगा टेबलावरच राहतो. म्हणजे एका देशात मी दोन देशांचे नियम पाळायचे. चॉपस्टिक्स स्टीलच्या, चपट्या, हातातून निसटणाऱ्या. काही द्यायचं-घ्यायचं तर दोन्ही हातांनी. मी पाण्याचा ग्लास एका हाताने पुढे केला तर बाई तो घेईचनात, मी दुसरा हात लावेपर्यंत थांबून राहिल्या.

सगळ्यांत मोठी अडचण उष्ट्याची होती. टेबलाच्या मधोमध टोफूचं उकळतं कालवण यायचं आणि दोघी आपापला चमचा त्यातच बुडवायच्या. तोंडात घातलेला चमचा परत त्याच भांड्यात. मी आईच्या हाताखाली वाढलेला माणूस. आमच्याकडे वाढताना पळीचा ताटाला स्पर्श झाला तरी पळी धुवायची. त्यात बाई स्वतःच्या चॉपस्टिक्सने काहीतरी उचलून माझ्या भातावर ठेवायच्या. मी तो घास कडेला सरकवायचो, त्या पुन्हा ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळा वाडगा आला. बाई आधी माझं कालवण काढायच्या, मग दोघी जेवायला लागायच्या. मी त्याबद्दल कधी बोललो नाही, आभारही मानले नाहीत. शाकाहाराचंही तसंच. मुलाने आधी सांगून ठेवलं होतं, तेवढ्यावर बाईंनी माशाच्या पाण्याऐवजी माझ्यासाठी समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या मश्रूमचं पाणी वेगळं उकळायला सुरुवात केली होती.

शिवाय कचरा. जळणारा मंगळवारी आणि शुक्रवारी, बाटल्या बुधवारी, प्लॅस्टिक शनिवारी, सकाळी आठच्या आत गल्लीच्या तोंडाशी खांबाजवळ. कावळ्यांनी उकरू नये म्हणून वर निळी जाळी टाकायची, आणि ती जाळी आणण्याची आठवड्याची पाळी घराघरांत फिरायची. बाई दुसऱ्यांच्या पाळीतही जाळीचे कोपरे जाऊन नीट करायच्या. मला तो अतिरेक वाटायचा.

"इतकं काय त्याचं?" मी एकदा मुलीला विचारलं.

"बाकीच्यांचं चुकलं तर चुकलं," ती म्हणाली. "आमचं चुकलं तर कोरियन लोक असेच, असं होतं."

हे मी ऐकलं होतं. पुढे जे झालं ते हे माहीत असताना झालं.

नोव्हेंबरच्या शेवटी त्यांच्याकडे वर्षाची किमची घालतात. आपल्याकडे उन्हाळ्यात लोणची-पापड करतात तसंच. नात्यातल्या चार बायका आल्या, खाली सगळीकडे मिठात मुरवलेले कोबीचे गड्डे. मला लसूण सोलायला बसवलं. तीन तास मी लसूण सोलला. नखं जळायला लागली. एकीने मला पाहून काहीतरी म्हटलं आणि सगळ्या हसल्या. मुलीने सांगितलं, "मावशी म्हणते, हा पाहुणा आमच्या सगळ्या नवऱ्यांपेक्षा कामाचा आहे." मला ते कौतुक वाटलं नाही.

तिखटाच्या मिश्रणात खारवलेली कोळंबी आणि माशांचा अर्क पडत होता. ते मी पाहिलं. त्यानंतर जे पाहिलं तेही लिहायलाच हवं. सगळ्या बरण्या भरून झाल्यावर बाई उठल्या, हात साबणाने धुतले, नवे हातमोजे घातले, वरच्या फडताळातून कोरडी परात काढली आणि बाजूला ठेवलेले दोन गड्डे घेऊन नवं मिश्रण कालवलं. मीठ, तिखट, मी सोललेला लसूण, किसलेली नाशपाती आणि ते शेवाळाचं पाणी. बाकीच्या बरण्यांची झाकणं लाल होती. ही लहान बरणी पांढऱ्या झाकणाची.

"ही तुमची," मुलगी म्हणाली. "यात मासा नाही. आईने पहिल्यांदाच अशी केली. जमली की नाही ते सांगा म्हणते."

मी सांगितलं नाही, कारण मी चाखली नाही. रोज माझ्यासमोर छोट्या बशीत ती यायची आणि तशीच परत जायची. बाई बशीकडे बघायच्या, मग माझ्याकडे. वास नको म्हणून खाल्ली नाही असं म्हणता आलं असतं. पण खरं म्हणजे मी हट्टाला पेटलो होतो. त्या घरातलं काहीही मला आवडायला नको होतं. काही आवडलं असतं तर मी तिथलाच झालो असतो, आणि मग मुलगा निवांत झाला असता.

डिसेंबरात एका शनिवारी त्याचा फोन आला. "बाबा, आई मार्चपर्यंत राहतायत. तुमचाही व्हिसा वाढवून घेऊ. तिकडे तुमचं छान जमलंय ना?"

त्याच्या सासूला तो आई म्हणतो. त्यात काही चूक नाही. माझी बायको जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. दोघी उठायच्या आधी मी फ्रिजमधून पांढऱ्या झाकणाची बरणी काढली, सगळी किमची एका पिशवीत ओतली, गाठ मारली आणि फिरायला निघालो. बरणी रिकामी करून "संपली" म्हणायचं, रोजची ती बशी बंद होईल, एवढाच विचार होता. घरच्या डब्यात टाकली तर बाईंना दिसली असती, म्हणून पिशवी खांबाशी ठेवली. रविवारी कचरा नसतो हे मला माहीत होतं. जाळी नव्हती हे दिसत होतं. कालव्याच्या कडेने तासभर चालून परत आलो.

कावळ्यांनी पिशवी फाडली होती. गल्लीच्या तोंडापासून तीन घरांच्या दारापर्यंत लाल पानं पसरली होती, एका पांढऱ्या गाडीच्या टपावरसुद्धा. सपाता घातलेले एक गृहस्थ फोनवर फोटो काढत होते. गल्लीच्या मंडळाचे ते प्रमुख. कोणाच्या घरचं ते विचारायची गरजच नव्हती. बाई बादली आणि झाडू घेऊन रस्त्यावर बसून घासत होत्या. मी त्यांच्या बाजूने वाट काढून घरात शिरलो आणि वर गेलो. वरच्या खिडकीतून पाहिलं. रस्ता धुऊन झाल्यावर बाई प्रत्येक दारी गेल्या आणि कमरेत वाकल्या. नऊ घरं होती.

दुपारी मुलीने विचारलं, "तुम्ही टाकली?"

तेव्हा हो म्हणून माफी मागितली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. मी म्हणालो, "त्यात मासा होता. मी खाल्ला. मला फसवलंत तुम्ही."

तिने ते आईला सांगितलं. बाई उठल्या, रिकामी बरणी घेऊन आल्या, तिचा वास घेतला, मुलीच्या नाकाशी धरली, माझ्या नाकाशी धरली. मग काहीतरी बोलल्या. मुलीने त्याचं भाषांतर केलं नाही.

मी मुलाला फोन केला. मासा हा शब्द उच्चारल्यावर त्याने पुढचं ऐकलंच नाही. दोन तासांत टॅक्सी घेऊन आला. इतका सोपा उपाय माझ्या हातात होता, हे मला तेव्हा कळलं. हॉलमधली गादी मला परत मिळाली.

त्या संध्याकाळी विहीणबाई बांगडे तळत होत्या आणि शेजारच्या शेगडीवर माझी आमटी होती. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. त्यांनी बांगडा उलटता उलटता विचारलं, "कसला मासा होता हो?"

"मला काय माहीत?"

"नाही, तुम्ही जन्मात कधी चाखला नाहीत ना, मग कळलं कसं? आमच्याकडे खाणाऱ्यांनासुद्धा इतकं चटकन कळत नाही."

मुलगा म्हणाला, "आई, असू दे ना." त्यांनी ते पुन्हा काढलं नाही, पण मी ही गोष्ट सांगायला लागलो की त्या उठून स्वयंपाकघरात जातात.

मुलाने ते तिथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकलं. घराचा पत्ता दिला, इतरांनी सावध राहावं म्हणून. त्यानंतर त्या खोलीत आपलं कोणी राहायला गेलं नाही. हे मला सुनेकडून कळलं. तिने सहज सांगितलं, मीही सहज ऐकल्यासारखं केलं.

या वर्षी पुन्हा तोयोसुला गेलो होतो. एका सकाळी कोणाला न सांगता बस पकडून त्या गल्लीत गेलो. खांबाजवळ कचऱ्याबद्दलची लॅमिनेट केलेली पाटी दिसली. वर जपानीत काहीतरी आणि खाली तेच कोरियन अक्षरांत. बाजूला फोटो होता, रस्त्यावर पसरलेल्या लाल पानांचा.

दार मुलीने उघडलं. मी चपला काढल्या, आत जाऊन जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. बाई ऐकत होत्या. ऐंशीच्या झाल्या आहेत, एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून मुलीला मोठ्याने सांगावं लागत होतं. माझं खोटं त्या घरात दोनदा उच्चारलं जात होतं.

"त्या दिवशी तुमच्या आई काय म्हणाल्या होत्या?" मी शेवटी विचारलं.

"म्हणाली, याला इथे राहायचं नव्हतं तर तसं म्हणायचं. माझ्या बरणीवर का ढकलतो?"

बाई आता परत काहीतरी म्हणाल्या. मुलीने सांगितलं, "ती म्हणते, मला सांगून काय उपयोग? मला माहीत होतं मी काय घातलं ते. गल्लीत सांगा. आणि त्या पाटीचंही बघा." मग तिने स्वतःचं जोडलं, "आई इथे शिकली, तिला कोरियन वाचताही येत नाही. ते कोरियन कोणासाठी लिहिलंय ते सगळ्यांना कळतं."

मुलगी माझ्याबरोबर प्रमुखांच्या दारी आली. मी वाकलो, ती पिशवी माझी होती म्हणालो. तिने भाषांतर केलं. ते हसले, माझ्याहून जास्त वाकले. छे छे, इतकी जुनी गोष्ट, आम्हाला आठवतही नाही. मी पाटीकडे बोट दाखवलं. ती सर्वांच्या सोयीसाठी आहे, ते म्हणाले. कोरियन ओळ तरी काढा, मी म्हणालो. तसा बदल मंडळाच्या सभेत होतो, आणि सभेत विषय गल्लीतल्या रहिवाशाने मांडायचा असतो. मग फोटो तरी? ते पुन्हा वाकले. मी चिडलो, आवाज चढवला, आणि माझा चढलेला आवाज मुलीला त्यांच्यापुढे मऊ करून सांगावा लागला. परत येताना ती म्हणाली, "आता ते म्हणतील, यांच्याकडे ओरडणारी माणसं येतात."

"सभेत तुम्ही मांडाल?"

"नाही," ती म्हणाली. "आम्ही नाही मांडणार."

घरी येऊन मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, पाच वर्षं झाली. कोणाला आठवतंय आता?"

"तू ग्रुपवर लिही."

"काय लिहू? माझे वडील खोटं बोलले?"

"हो."

त्याने लिहिलं नाही. विहीणबाई त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर होत्या, त्यांनी ऐकलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मला बांगड्याच्या दिवशीच वाटलं होतं."

म्हणून इथे लिहितो आहे. त्या किमचीत मासा नव्हता. ती कशी लागत होती ते मला सांगता येत नाही, कारण मी ती चाखलीच नाही. जमली की नाही, या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पाटी अजून तिथेच आहे आणि मंगळवारी आणि शुक्रवारी आठच्या आत बाई तिच्यासमोर कचरा ठेवायला जातात.